जुना संगणक ‘मेला’ म्हणण्याआधी: वर्कस्टेशनच्या वीजपुरवठ्याचे दुखणे ओळखायचे कसे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) थांबवला. त्यानंतर गोव्यातल्या कितीतरी कचेऱ्यांत एकच गोष्ट घडली. नवा संगणक आला आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे दणकट वर्कस्टेशन कोपऱ्यात गेले, कारण विंडोज ११ त्याला अधिकृतपणे स्वीकारत नाही. पण त्याचे काम संपले नव्हते. छापखान्यात जुन्या मराठी फॉन्टमधल्या, पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फायली त्याच्यावरच उघडतात. आर्किटेक्टच्या सॉफ्टवेअरचे डोंगल, म्हणजे ज्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही ती छोटी किल्ली, त्याच्याच मागे बसते. कुंडई-वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्यात यंत्राला सूचना देणारे कार्ड नव्या मदरबोर्डात जातच नाही. मग काही महिन्यांनी गरज पडते, प्लग लावला जातो, बटण दाबले जाते आणि काहीच होत नाही. “चालता संगणक बाजूला ठेवला होता, कोणी हातही लावला नाही, मग बिघडला कसा?” हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नेमके उत्तरही आहे.

वर्कस्टेशन म्हणजे नेहमीच्या संगणकापेक्षा जड कामासाठी बांधलेले मशीन. डेलची प्रिसिजन किंवा एचपीची झेड मालिका त्यातली ओळखीची नावे. अशा मशीनचा मृत्युदाखला फार घाईने लिहिला जातो असे माझे ठाम मत आहे. पुष्कळदा मदरबोर्ड, प्रोसेसर, डिस्क सगळे धडधाकट असते आणि दगा दिलेला असतो तो वीज पुरवणाऱ्या डब्याने. हा डबा झिजतो तोही हळूहळू, आणि त्याची लक्षणे दुसऱ्याच कुठल्यातरी रोगासारखी दिसतात. म्हणून आधी मोजावे आणि मगच काहीतरी बदलावे.

हा डबा करतो तरी काय?

दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात, आपणही तेच म्हणू. भिंतीतून २३० व्होल्टची वीज येते आणि तिची दिशा सेकंदाला पन्नास फेऱ्या करत उलटसुलट होत असते. संगणकातल्या चिपांना मात्र एकाच दिशेची, शांत आणि अगदी कमी दाबाची वीज लागते: १२, ५ आणि ३.३ व्होल्ट. एसएमपीएस आधी २३० व्होल्ट एका दिशेला वळवतो. त्याचा शिखरदाब सुमारे ३२५ व्होल्ट भरतो. मग ती वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली आणली जाते आणि शेवटी गुळगुळीत केली जाते.

हे गुळगुळीत करण्याचे काम कपॅसिटर नावाचे, उभ्या डबीसारखे भाग करतात. घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. पंप थांबत थांबत पाणी चढवतो, तरी खालच्या नळाला धार सलग लागते, कारण मधे टाकी आहे. टाकीत गाळ साचत गेला तर पंप तोच आणि नळही तोच, पण धार तुटायला लागते. एक नळ उघडा असेपर्यंत कळत नाही, दोन-तीन उघडले की लगेच कळते. जुन्या एसएमपीएसचे असेच होते. साधे टायपिंग चालते, पण मोठे चित्र उघडले की मशीन बंद.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. संगणक ‘बंद’ असतानाही भिंतीवरचा स्विच चालू असेल तर एसएमपीएसचा एक छोटा भाग जागाच असतो. तो ५ व्होल्ट देत राहतो, म्हणून तर समोरचे बटण दाबल्याचे मशीनला कळते. याला आपण जागता पुरवठा म्हणू.

नुसता ठेवलेला संगणक कसा बिघडतो?

या कपॅसिटरांच्या आत एक ओलसर रसायन असते. उष्णतेने ते वर्षानुवर्षे सुकत जाते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य दुप्पट होते. समजा कपॅसिटरवर १०५ अंशांना २,००० तास असे लिहिले आहे आणि तो ६५ अंशांना काम करतो. चाळीस अंशांचा फरक, म्हणजे चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालणाऱ्या कचेरीत हे साधारण तेरा वर्षे पुरते. आज बंद पडणाऱ्या मशीनांच्या वयाशी हा हिशेब जुळतो, हा काही योगायोग नाही.

जागत्या पुरवठ्यातल्या छोट्या कपॅसिटरांची अवस्था याहून वाईट. भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय नसेल तर ते दिवसरात्र कामावर असतात, तेही पंखा थांबलेला असताना. त्यांतला एखादा अर्धा सुकला तरी मशीन चालत राहते, कारण चालू असलेले मंडल (सर्किट) चालू ठेवायला थोडेच बळ लागते. शून्यातून उठवायला मात्र जास्त लागते. म्हणून दहा वर्षे न थांबता चाललेले मशीन एकदा वीज गेली, किंवा प्लग काढून महिनाभर ठेवले, की पुन्हा उठत नाही. दीर्घकाळ विजेविना राहिलेल्या कपॅसिटरच्या आतला संरक्षक थरही पातळ होतो. तेव्हा मशीन नुसते ठेवल्यामुळेच बिघडले असे नव्हे. बहुतेकदा बिघाड आधीच होता आणि तो पहिल्यांदा उघड झाला.

सुरुवात भिंतीपासून

पहिले पाऊल एसएमपीएसवर नाही, भिंतीवर टाका. त्याच सॉकेटला टेबल पंखा किंवा दिवा लावून बघा. संगणकाची केबल बदला, कारण जुन्या केबलची टोके आतून काळी पडलेली असतात. एसएमपीएसच्या पाठीवरचा छोटा स्विच साफसफाईत कोणी बंद केला नाही ना, तेही पाहा.

त्याच पाठीवर, खूप जुन्या मशीनमध्ये, लाल रंगाचा सरकता स्विच असतो: ११५ की २३०. परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून, घरी आणलेल्या संगणकांत तो ११५ वर असू शकतो. तसाच आपल्या विजेवर लावला तर क्षणात आवाज होऊन एसएमपीएस फुटतो. गोव्यात घरोघरी कोणीतरी परदेशी असल्यामुळे हे वेगळे सांगावेसे वाटते.

मग यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीला लावून बघा. टेबलाखालचा छोटा ६०० व्हीएचा यूपीएस घरगुती संगणकासाठी असतो. डेल प्रिसिजन टी५५०० चा एसएमपीएस ८७५ वॅटचा आहे. जड काम चालू असताना वीज गेली की असा यूपीएस एवढा भार पेलत नाही आणि दोष संगणकाला लागतो. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची वीज देतात आणि चांगल्या वर्कस्टेशनच्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही.

यानंतर एक फुकटचा उपाय. प्लग पूर्ण काढा, समोरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा, पंधरा-वीस मिनिटे थांबा आणि पुन्हा लावा. विजेचा झटका आला की काही वेळा एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी कुलूपबंद होतो आणि प्लग काढून आतली वीज ओसरल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही. वादळी रात्रीनंतर ‘मेलेले’ मशीन याने उठले तर दुकानाची फेरी वाचते.

दिवा, पंखा आणि आवाज

मशीन काहीतरी सांगत असते. मदरबोर्डवर दिवा नाही, पंखा हलत नाही, संपूर्ण शांतता असेल तर संशय जागत्या पुरवठ्यावर. पंखा एक गिरकी घेऊन थांबत असेल तर एसएमपीएस बहुधा जिवंत आहे आणि पुढे कुठेतरी शॉर्ट आहे म्हणून तो माघार घेतो आहे. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात मशीन सुरू होत असेल, किंवा सकाळी कुरकुर आणि दुपारी ठीक असेल, तर सुकलेल्या कपॅसिटरची ही अगदी ठरलेली खूण आहे. गार असताना ते जास्तच नाठाळ असतात. मासळीसारखा किंवा जळका वास, बारीक शिट्टी, पाठीमागून गरम हवा येणे बंद होणे, हेही नोंदवा.

बऱ्याच कंपन्यांनी वर्कस्टेशनमध्ये चांगली सोय करून ठेवली आहे. डेलच्या अनेक मॉडेलांत विजेच्या सॉकेटशेजारी चाचणीचे छोटे बटण आणि हिरवा दिवा असतो. बटण दाबल्यावर दिवा लागला तर एसएमपीएसची प्राथमिक स्थिती ठीक आहे. नाही लागला तर आतल्या सगळ्या केबल सोडवून पुन्हा दाबा. आता लागला तर दोष त्या केबलींच्या दुसऱ्या टोकाला आहे. एचपीच्या झेड मालिकेत समोरचा दिवा लाल होऊन चार वेळा लुकलुकला आणि चार बीप आल्या तर तो वीजपुरवठ्याचा इशारा समजा.

मदरबोर्डवरच्या नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलकडेही लक्ष द्या. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. तो अगदी उतरला की काही मदरबोर्ड सुरूच होत नाहीत आणि लोक हजारोंचा एसएमपीएस बदलून बसतात.

मल्टिमीटर लावायचा कसा?

विजेचा दाब मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. एकदिश विजेची (डीसी) २० व्होल्टची पट्टी निवडा. काळी सुई कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला टेकवा आणि लाल सुई मदरबोर्डात बसलेल्याच मोठ्या कनेक्टरच्या पाठीतून, तारेच्या बाजूने, आत सरकवा. एका वेळी एकच पिन. सुई दोन पिनांना चिकटली तर चांगला मदरबोर्डही जाईल, म्हणून हात थरथरत असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

इंटेलने १९९५ साली ठरवलेल्या एटीएक्स पद्धतीत तारांचे रंग ठरलेले आहेत. संगणक बंद, पण स्विच चालू असताना जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट हवेत. हा तो जागता पुरवठा. तो ४.७५ च्या खाली असेल तर पुढे मोजण्यात अर्थ नाही, दोष सापडला. तो ठीक असेल तर बटण दाबा. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर साधारण ३.१४ ते ३.४७ व्होल्ट, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच टक्क्यांची मोकळीक. करड्या तारेवर अर्ध्या सेकंदाच्या आत ५ व्होल्टच्या आसपास यायला हवे. ‘सगळे दाब ठीक आहेत, आता सुरू हो’ असा एसएमपीएसने मदरबोर्डला दिलेला हा निरोप आहे. तो आला नाही तर पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो.

खरी परीक्षा भाराखाली होते. मशीन सुरू होत असेल तर एखादे जड काम लावा आणि पिवळ्या तारेवर नजर ठेवा. रिकाम्यात १२.१ दाखवणारा एसएमपीएस भार पडताच ११.३ ला आला तर त्याची वेळ भरली आहे.

“सगळे आकडे बरोबर, तरी मशीन अडखळते. मग?”

मल्टिमीटर सरासरी दाखवतो. विजेवरच्या बारीक, वेगवान लाटा त्याला दिसत नाहीत. १२ व्होल्टवर अशी लाट १२० मिलिव्होल्टच्या आत आणि ५ व ३.३ व्होल्टवर ५० च्या आत असावी असा दंडक आहे. ते पाहायला लाटांचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो आणि तो प्रत्येक दुकानात नसतो. अशा वेळी त्याच मॉडेलचा चांगला एसएमपीएस लावून पाहणे हीच खात्रीची चाचणी.

त्याआधी दुसरे संशयित मात्र वगळा. रॅमच्या पट्ट्या काढून, संपर्क पुसून, एकेक करून लावा. ग्राफिक्स कार्ड काढून बघा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा तपकिरी डाग सोडणारे आहेत का तेही पाहा. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला सदोष रसायनाचे कपॅसिटर जगभर विकले गेले आणि त्या काळातल्या मदरबोर्डांना ते फार भोवले. त्या पिढीच्या मशीनमध्ये नवा एसएमपीएस लावूनही दुखणे कायम राहते.

“हिरवी आणि काळी तार जोडली की कळते ना?”

ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. कनेक्टर मोकळा करून हिरवी तार काळीला जोडली की पंखा फिरतो. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो फक्त जागा होतो एवढेच त्यातून कळते. काही जुने एसएमपीएस भार नसेल तर चालतही नाहीत आणि चांगला डबा वाईट ठरतो. शिवाय सगळ्या वर्कस्टेशनांत रंग आणि पिना एटीएक्सप्रमाणे असतीलच असे नाही. कनेक्टर वेगळा दिसला तर ही युक्ती करू नका.

गोव्याची हवा काय करते?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली हवा ओलीच असते. समुद्रकाठच्या गावांत तिच्यात मीठ मिसळते, डिचोली-सांग्याच्या बाजूला रस्त्यावरची लाल धूळ. कोरडी धूळ फक्त हवा अडवते. ओली आणि खारट झाली की तिच्यातून वीज पाझरायला लागते आणि ३२५ व्होल्टच्या भागात एवढे पाझरणे पुरेसे असते. त्यात पाली आणि मुंग्या. एसएमपीएसची ऊब त्यांना आवडते आणि पाल दोन टोकांना एकदम टेकली की पालही जाते आणि डबाही. स्लॉटच्या मागच्या उघड्या फटींवर पत्र्याच्या पट्ट्या बसवल्या तर यातले बरेच टळते.

मेच्या वळवात आणि ऑक्टोबरात परतणाऱ्या पावसात विजा जास्त कडकडतात. फांदी पडून खांबावरची न्यूट्रल तार तुटली तर घरातला दाब २३० वरून बराच वर, कधी ४०० च्या दिशेने जाऊ शकतो. याला स्पाइक गार्डची पट्टी पुरत नाही. आभाळ गडगडू लागले की प्लग भिंतीतून काढणे हाच उपाय, आणि सोबत नेटवर्कची केबलही काढायची, कारण झटका तिकडूनही येतो.

कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येतात ही तक्रार जुन्या घरांत हमखास ऐकू येते. लोक म्हणतात, “एसएमपीएस लीक आहे.” बहुतेक वेळा लीक नसतो, घराला अर्थिंगच नसते. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात आणि ते थोडीशी वीज अर्थिंगच्या तारेत सोडतात. ती तार कुठेच जोडलेली नसेल तर कॅबिनेटवर भिंतीतल्या दाबाच्या निम्मा दाब तरंगत राहतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसला तरी हेच होते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडली की असलेले अर्थिंगही नावापुरतेच उरते. वायरमनकडून ते तपासून घ्या. इथे संगणकापेक्षा माणसाचा प्रश्न आहे.

“बाजारातला कुठलाही एसएमपीएस बसवला तर?”

इथे सर्वांत महाग चूक होते. साध्या संगणकात उत्तर ‘हो’ असू शकते. वर्कस्टेशनमध्ये ‘आधी तपासा’. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे डेलच्या बऱ्याच मशीनांत कनेक्टर हुबेहूब एटीएक्ससारखा होता, पण आतल्या तारांची जागा वेगळी. नेहमीचा एसएमपीएस सहज बसतो आणि बटण दाबताच मदरबोर्ड जळतो. एचपीच्या झेड मालिकेतही पिनांची मांडणी त्यांची स्वतःची आहे. काही मशीनांत तर डब्याचा आकारच वेगळा असतो, तो केबलविना सरकवून बसवायचा असतो.

म्हणून जुन्या डब्यावरच्या लेबलचा स्वच्छ फोटो घ्या, त्यावरचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि तोच मागा. ‘कंपॅटिबल आहे, बसेल’ या शब्दावर मशीन देऊ नका. वॅटचा मोठा आकडा पाहूनही भुलू नका. १२ व्होल्टच्या तारेवर किती अँपिअर मिळतात ते लेबलवर वाचा, कारण या मशीनांचा बहुतेक भार तिथेच असतो.

वापरलेला मूळ एसएमपीएस मिळतो, पण त्याचेही वय तुमच्या मशीनएवढेच. पंधरा वर्षे खोक्यात बंद राहिलेला ‘नवा’ डबासुद्धा याच कारणाने संशयास्पद. मला यापेक्षा बरा वाटतो तो आपलाच डबा चांगल्या दुरुस्ती करणाऱ्याकडे देऊन त्यातले कपॅसिटर बदलून घेण्याचा मार्ग. मात्र १०५ अंशांचे आणि कमी अंतर्गत रोधाचे असे स्पष्ट सांगून घ्या. महत्त्वाच्या मशीनवर हा खर्च सत्कारणी लागतो.

“मी स्वतः उघडून फ्यूज बदलू का?”

नको. फ्यूज आपोआप जात नाही. आतला मोठा ट्रान्झिस्टर किंवा वीज एका दिशेला वळवणारा भाग शॉर्ट झाल्यावर तो जातो. नुसता फ्यूज बदलला तर नवाही ठिणगी पाडून जातो. शिवाय प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टची वीज साठलेली राहू शकते आणि ती जीव घेऊ शकते. कॅबिनेट उघडा, धूळ काढा, बाहेरच्या तारा मोजा, पण तो पत्र्याचा डबा बंदच असू द्या. डब्याच्या जाळीतून ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने किंवा काडीने अडवून धरा, नाहीतर ते भन्नाट वेगाने फिरून बेअरिंग जाते.

डिस्कवरच्या कामाचे काय?

एसएमपीएस गेला म्हणून डिस्कवरचा मजकूर सहसा जात नाही. मशीन दुरुस्तीला पाठवण्याआधी डिस्क काढून घेतलेली बरी. सॅटा किंवा आयडीई डिस्क छोट्या यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकावर वाचता येते. मात्र वर्कस्टेशनमध्ये कधी एसएएस किंवा स्कझी या वेगळ्या जोडणीच्या डिस्क असतात. त्यांना त्यांचे कार्ड असलेलेच मशीन लागते. दोन डिस्का जोडीने एकत्र चालवलेल्या असतील तर कुठली डिस्क कुठल्या सॉकेटात होती ते काढण्याआधी मार्करने लिहा. ‘डिस्क फॉरमॅट करायची आहे का?’ असा प्रश्न पडद्यावर आला तर ‘नाही’ दाबून थांबा.

जे मशीन वर्षातून दोनदाच लागते तेही महिन्यातून एकदा तासभर चालवा. पावसाळ्यात तर नक्कीच. कपॅसिटरांना वीज मिळते आणि आतला ओलावा उडतो. काम झाले की स्विच भिंतीवरूनच बंद करा. आणि कपॅसिटर बदलून घेतले तर ती तारीख कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, पुढे मशीन उघडणाऱ्याला तिचा उपयोग होईल.